बडोद्यातलं एआरटी सेंटर: बेनला पाच स्टार, व्हरांड्याला एक

एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ते सेंटर. त्याचं नाव लिहिणार नाही, आधीच सांगते. सरकारी आहे, बडोद्यात आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की मी कुठल्या वारी कुठल्या रिक्षेने जाते ते पण कोणीतरी जुळवेल. ज्यांना सेंटर शोधायचंय त्यांनी १०९७ ला फोन लावा, टोल फ्री आहे, आपलं नाव सांगावं लागत नाही, जवळचं सेंटर कुठलं ते सांगतात.

मी शिरपूरकडची. लग्न झालं आणि तरसालीत आले, हे मकरपुरा जीआयडीसीत सीएनसी मशीनवर आहेत. बडोद्यातला मराठी माणूस म्हटलं की लोकांना दांडिया बाजार, रावपुरा, गायकवाड सरकार, चार पिढ्यांचे वाडे हेच आठवतं. ते बडोदेकर. आम्ही ते नाही, आम्ही मागच्या पंधरा-वीस वर्षांत धुळे-नंदुरबार-जळगावकडून पोटासाठी आलेले. आमच्या गल्लीत अकरा बिऱ्हाडं खान्देशातली आणि त्यातली चार तर ह्यांच्या गावचीच. एकाने दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, खोली त्यानेच बघून दिली, कामाला त्यानेच लावलं, डिपॉझिटचे पैसे पण त्याच्याकडूनच उसने. म्हणजे इथे माझं जे काही आहे ते गाववाल्यांच्या हातून आलेलं आहे. आणि गाव लांब आहे असं कोणाला वाटत असेल तर माय वं, गल्लीत संध्याकाळी कोणाची भाजी करपली की रात्री ती गावच्या ओट्यावर पोचलेली असते. आधी ट्रॅव्हल्सच्या बसने बिबड्यांच्या डब्याबरोबर बातमी जायची, आता व्हॉट्सॲप, डबा उद्या पोचतो बातमी आजच.

२०२१ ला मला दिवस गेले. चौथ्या महिन्यात रक्त तपासायला एका खासगी लॅबमध्ये गेले, सोबत गल्लीतल्या वहिनी होत्या कारण पोटुशी बाई एकटी कशी जाणार. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला पण त्याच सोबत. लॅबवाल्याने बाकी सगळ्या बायकांच्या हातात पाकीट दिलं आणि मला म्हणाला, तुमचं नाही, तुम्ही मिस्टरांना घेऊन या. चांगलं मोठ्याने. वहिनींनी रिक्षात विचारलं काय गं काय झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, रक्त कमी आहे. मला तेव्हा स्वतःलाच काही माहीत नव्हतं, तरी खोटं आपोआप आलं. हे रक्त कमी आहे मी पुढे तीन वर्षं चालवलं, वहिनी बिचाऱ्या अजून बीट आणून देतात, बीट मला अजिबात आवडत नाही. नंतर कळलं की एचआयव्हीची टेस्ट करायच्या आधी समजावून सांगून संमती घ्यायची असते, २०१७ चा कायदाच आहे तसा. मला कोणी काही विचारलं नव्हतं, दंडात सुई आणि बस.

डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथे तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं, तिन्हीत पॉझिटिव्ह. आणि मग बेन.

बेन म्हणजे काउन्सेलर. ती मला बेन म्हणते मी तिला बेन म्हणते, गुजरातेत चालतं. खोली केवढी तर टेबल, खुर्च्या दोन, फाईलींचं कपाट, कपाट उघडायचं तर एकीने उठून उभं राहायचं. पण दार लागतं. सरकारी दवाखान्यात दार लागणारी खोली आणि त्यात आपल्यासाठी बसलेला माणूस, मी तरी आधी कधी बघितलं नव्हतं.

आता भाषेचं सांगते कारण इथे माझं मत बदललं. बेन गुजराती. माझं गुजराती तेव्हा भाजीवाल्यापुरतं, हिंदी मोडकंतोडकं, आणि असली गोष्ट परक्या भाषेत कशी बोलायची, मला वाटलं कोणी मराठी असतं तर बरं झालं असतं. तिनेच विचारलं की मराठी येणाऱ्या एक सिस्टर आहेत, बोलावू का. मी हो म्हणणारच होते. मग डोक्यात आलं की मराठी सिस्टर पहिलं काय विचारेल? तुम्ही कुठल्या? शिरपूरच्या का, मग अमक्या पाटलांना ओळखत असाल, त्यांची सून आमच्या नात्यात आहे. आपल्या माणसाला हे विचारल्याशिवाय राहवतच नाही, वाईट काही नाही त्यात, मी पण विचारते. पण त्या दिवशी मला अशी बाई पाहिजे होती जिला शिरपूर कुठे आहे तेच माहीत नाही. बेनला नव्हतं माहीत. तिला वाटलं सुरतजवळ कुठेतरी आहे. मी म्हटलं हो, सुरतजवळच.

तर सगळीकडे लिहितात ना की तुमच्या भाषेतला काउन्सेलर मागा, बरोबर आहे, समजायला पाहिजेच. पण बाहेरगावाहून आलेल्या माणसाने जरा थांबून बघावं की भाषेसोबत अजून काय काय येतंय.

मी मरणार का, बाळाचं काय, हे विचारायला पाहिजे होतं. मी पहिला प्रश्न विचारला की घरी सांगावं लागतं का. बेन म्हणाली सगळ्या हेच विचारतात, गोळीचं कोणी विचारत नाही. गोळीचं तिनेच सांगितलं. दिवसाला एक, तीन औषधं एकाच गोळीत, रोज त्याच वेळेला, सरकार २००४ पासून फुकट देतंय, त्याच दिवशी नाहीतर लगेच दोन-चार दिवसांत चालू करायची, आणि नीट घेतली की रक्तातला व्हायरस इतका खाली जातो की मशीनला पण सापडत नाही, मग जोडीदाराला पण लागण होत नाही. बाळाला लागायची भीती पण एकदम कमी होते. मी मान हलवत होते पण कानात एकच, सासूबाईंना कळलं तर.

मग तिने एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर मला नावं लिहायला लावली, ज्यांना ज्यांना सांगावं लागेल असं तुला वाटतं ते सगळे. मी लिहिलं, हे, सासूबाई, माझी आई, जाऊबाई, वहिनी, घरमालकीण, ह्यांचे शेठ. शेठपर्यंत गेले मी. तिने विचारलं यातल्या कोणाला कळलं नाही तर कोणाच्या तब्येतीला धोका आहे? एका ताटात जेवून, एक संडास वापरून, डास चावून, पोराला कडेवर घेऊन हे होत नाही, मग सांग. उरले फक्त हे, आणि बाळ, जे लिस्टमध्ये नव्हतंच. बाकी सगळ्या नावांवर तिने काट मारली नाही हां, बाजूला रेघ मारली आणि म्हणाली हे तुझ्या मर्जीचे. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही असं पण चालेल. सांगितलेलं परत घेता येत नाही, न सांगितलेलं केव्हाही सांगता येतं.

आणि मर्जीच्या नावांसाठी तिचा एकच प्रश्न असायचा जो मी आता स्वतःला विचारते. याला सांगून तुझं काही काम होणार आहे का तुला फक्त हलकं वाटायला पाहिजे? काम असेल तर ज्याच्याकडे काम आहे त्यालाच सांग, आणि कामापुरतंच सांग. हलकं व्हायचं असेल तर इथे ये, मी पगार त्याचाच घेते.

ह्यांना सांगायचं होतंच. पण कसं? मी बेनला म्हटलं तुम्हीच फोन करून सांगा ना. ती म्हणाली तुझ्या मागून नाही सांगणार. कायद्यात काय आहे ते तिने सांगितलं, मी माझ्या भाषेत लिहिते. कोणालाही स्वतःचं स्टेटस, म्हणजे एचआयव्ही आहे की नाही ते, सांगायची जबरदस्ती करता येत नाही, कोर्टाचा हुकूम असेल तर वेगळं. जोडीदाराला मात्र डॉक्टर किंवा काउन्सेलर सांगू शकतात, पण त्याला खरोखर धोका असेल, तुम्हाला समजावून झालेलं असेल, तरी तुम्ही सांगणार नाही याची खात्री झालेली असेल, आणि आम्ही आता सांगणार आहोत हे तुम्हाला आधी सांगितलेलं असेल तरच. आणि बाईला सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर तेव्हा सांगायचं नाही असं पण त्यात आहे. तिने मला स्पष्ट विचारलं, तुझा नवरा मारतो का. मी म्हटलं नाही. दारू? मी म्हटलं होळीला. मग म्हणाली पंधरा दिवस घे, तोवर कंडोम नाहीतर डॉक्टरने जवळ यायला मनाई केलीय म्हण, पोटुशी बाईचं हे लगेच ऐकतात.

पंधरा दिवसांचे अठरा झाले. शेवटी मी एवढंच म्हटलं की दवाखान्यात दोघांना बोलावलंय, हाफ डे टाका. त्या छोट्या खोलीत तिसरी खुर्ची आणली, दार लावायला मला पोट आत घ्यावं लागलं. मी बोलायला लागले आणि दोन शब्दांत अडकले, पुढचं बेनने माझ्याकडे बघून, मी मान हलवल्यावर सांगितलं. ह्यांनी माझी पाण्याची बाटली घेतली आणि पूर्ण संपवली. मग त्यांची टेस्ट. पॉझिटिव्ह. लग्नाआधी हे सहा पोरांसोबत खोली करून दोन-तीन शहरांत राहिलेले आहेत, एवढंच मला माहीत आहे, मी एकदाच विचारलं, त्यांनी एकदाच सांगितलं, ते आमच्यात राहू दे.

दवाखान्यातून निघालो ते कमाटीबागेत जाऊन बसलो. शेंगा घेतल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही आणि मग हे म्हणाले, आईला कळलं तर ती म्हणेल तुझं आधी निघालं. मला राग यायला पाहिजे होता, आला पण, पण त्यांचं खरं होतं. आमच्याकडे तेच म्हणतात. सून आली आणि आजार आला. गावाकडे मी स्वतः एका बाईबद्दल हे ऐकलेलं आहे, नवरा वारला, तिची टेस्ट पॉझिटिव्ह निघाली, ती माहेरी गेली, आणि ओट्यावरच्या बायका म्हणायच्या तिनेच आणलं. मी तेव्हा तिथेच बसलेली होते, शेंगा निवडत, मी पण काही बोलले नव्हते. बेनला पुढच्या वेळी सांगितलं तर ती म्हणाली टेस्टची तारीख वेगळी, लागण झाल्याची तारीख वेगळी. पोटुशी बाईची टेस्ट होते म्हणून तिचं आधी निघतं, पुरुषाची कोण करतं? हे वाक्य मी पाठ केलंय, कधी वेळ आलीच तर म्हणून.

आता ह्यांची चूक सांगते, परवानगी घेऊन लिहितेय. बेनच्या प्रश्नाची परीक्षा तिथेच झाली. ह्यांना दर महिन्याला हाफ डे पाहिजे होता, सुपरवायझर कटकट करायचा, तर यांनी लाईनवरच्या मित्राला, गावच्याच, सगळं सांगून टाकलं, म्हणजे तो सांभाळून घेईल. मित्र चांगला आहे, अजून चांगला आहे, त्याने कोणाला सांगितलं असं मला आजपर्यंत दिसलेलं नाही. पण सांगितल्यानंतरचे चार महिने आम्ही कसे काढले. त्याच्या बायकोने संक्रांतीला तिळगूळ हातात न देता वाटीत दिला तर मी रात्रभर जागी. गावावरून सासऱ्यांचा फोन आला, तब्येत कशी आहे, साधा प्रश्न, दर आठवड्याला विचारतात, पण हे फोन ठेवून अर्धा तास गच्चीत. आणि तो मित्रच बिचारा वाळला, आमच्याकडे यायचा बंद झाला, त्याला समजेना काय बोलायचं. बेन म्हणाली तुम्हाला सुट्टी पाहिजे होती, सुट्टीचं कारण कोणी मागितलं होतं? मग सुट्टीसाठी आजार लिहायची गरज नाही अशी साधी ओपीडीची चिठ्ठी मिळते ते तिनेच सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, इथे बेनचा पाव स्टार मी मनातल्या मनात कापलेला आहे.

बाळंतपण. यावर मी पानंच्या पानं लिहू शकते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे विचारायची गोष्टच नाही. सातव्या महिन्यात घेऊन जातात. आणि मी गेले असते तर तिकडच्या दवाखान्यात परत पहिल्यापासून, परत नवीन माणसं, आणि ती सगळी कोणाच्या ना कोणाच्या ओळखीची. औषध तिकडे मिळालं असतं, धुळ्याला पण सेंटर आहे, ट्रान्सफर होते, पण धुळ्यात आमच्या नात्यातली इतकी माणसं आहेत की मी एसटी स्टँडवर उतरले की फोन सुटतात. बेनने सुचवलं की रक्त कमी आहे ना तुझं? मग मोठ्या दवाखान्यातच बाळंतपण करायला सांगितलंय म्हण. त्या खोट्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आईने रडारड केली, मग ती स्वतःच आली बडोद्याला, डिंक, मेथी, अळीव सगळं बांधून.

पोटुशी असताना गोळी लपवायची गरजच पडत नाही ही एक मजा आहे. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, त्यात अजून एक, कोण मोजतंय. फक्त लोह आणि कॅल्शियम ह्या गोळीबरोबर एकदम घ्यायचं नाही, मध्ये काही तासांचं अंतर, नाहीतर हिचा असर कमी होतो, म्हणून लोह-कॅल्शियम दिवसा आणि ही रात्री झोपताना. खरी अडचण नंतर, बाकीच्या गोळ्या बंद होतात आणि ही राहते. डबी बदलू नको म्हणाली बेन, दमट हवेने गोळ्या खराब होतात, मग ती डबी तशीच शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागे. शिलाई मशीनला आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

मुलगी झाली. तिला पहिल्या दिवसापासून सहा आठवडे रोज औषधाचं सिरप दिलं, घरात त्याचं नाव व्हिटॅमिन. दुधाचं बेनने आणि बाळांच्या डॉक्टरांनी दोघांनी बजावलं होतं की गोळी चालू आहे तर अंगावरचं दूध द्यायचं, पण सहा महिने फक्त तेच. वरचं पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. अंगावरचं आणि वरचं मिसळलं की बाळाला धोका वाढतो. आता सांगा, खान्देशातल्या घरात सहा महिने गुटी नाही! सासूबाई बारशाला आल्या त्याच सहाण घेऊन. हिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, सगळं पुडीत बांधून, ह्यांना ज्या सहाणेवर उगाळून दिली होती तीच सहाण.

बेनने आधीच सांगून ठेवलं होतं की डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घे, सहा महिने फक्त आईचं दूध. आणि यात खोटं काहीच नाही, हे सगळ्याच बाळांना सांगतात, कोणत्याही दवाखान्यात विचारा. मला हे फार आवडलं, तीन वर्षांत तेवढीच एक गोष्ट मी खरी सांगितली असेल. सासूबाईंनी फाईल बघितली, बाजूला ठेवली. दोन दिवसांनी मी आंघोळ करून आले तर सहाणेवर वेखंड उगाळलेलं, ओलं. माझ्या पायातलं बळच गेलं. पाळण्यात बघितलं, ओठ कोरडे दिसले, कपाळाला आणि टाळूला लावलेलं होतं. मी विचारलं दिली का. म्हणाल्या अजून नाही, तू ये म्हणून थांबले, तू एवढी घाबरतेस कशाला, आम्ही पोरं वाढवली नाहीत का?

त्या क्षणाला मी सांगणार होते. अगदी ओठावर आलं होतं. आई, असं असं आहे, म्हणून नको. कारण इथे तर काम होतं ना, हलकं वाटायचा प्रश्नच नव्हता, बाळाचा प्रश्न होता. मग परत बेनचा दुसरा भाग आठवला, कामापुरतंच. काम काय तर गुटी थांबवणं. त्यासाठी सासूबाईंना माझं रक्त कळायची गरज आहे का? मी ह्यांना फोन लावला, मशीनवर होते, मशीन बंद करून बाहेर आले आणि आईला म्हणाले की आई, मुलीला काही झालं तर मी तुला विचारणार, डॉक्टरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आईला असं बोलले असतील. त्या चार दिवस रुसल्या, सहाण पिशवीत गेली. त्या रुसव्याची किंमत कमीच पडली असं मी म्हणेन.

मुलीच्या टेस्ट सहाव्या आठवड्यात, मग सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, आणि शेवटची दीड वर्षाची. पहिल्या टेस्टला टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवतात. शेवटची पण निगेटिव्ह आली. बेनने पेढे खाल्ले नाहीत, डायबिटीस आहे, पण पर्समध्ये ठेवले.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर खोटं होईल.

व्हरांडा. बंद दाराच्या खोलीत बेन जे सांभाळते ते बाहेरचा व्हरांडा सांडून टाकतो. दारावर भली मोठी लाल रिबीन आणि पाटी, आणि त्या पाटीखाली बाकडी, आणि समोरून दवाखान्याचा सगळा रस्ता, चहावाला, नातेवाईक, सगळे जातात. तिथे बसणं म्हणजेच सांगणं. त्यात अजून एक भाऊ आहेत ते नाव पुकारायचे, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि मराठी आडनाव गुजराती गर्दीत कसं वाजतं ते तुम्हाला माहीतच आहे, दहा डोकी वळतात. आता टोकन नंबर आहेत, पण घाई झाली की परत नाव. मी दोनदा बोलले. स्टेटस उघड होऊ न देणं हे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, उपकार करत नाहीयेत. बडोद्यात बायका स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळतात त्याचं मला आधी हसू यायचं, आता मी पण गुंडाळते, स्कूटी नसताना.

वेळ सकाळची, म्हणजे रोजावर काम करणाऱ्याचा अर्धा दिवस गेलाच. सुरुवातीला दर महिन्याला फेरी, आता आम्ही दोघं नीट आहोत म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, पण ते पण मागावं लागलं, आणि कधी स्टॉक कमी असला की परत एक महिन्याच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं असेल तर पंधरा दिवस आधी सांगून ठेवा, ऐनवेळी गोळी नाही म्हणून गावाहून परत यायचं कारण काय देणार? आणि सेंटरकडून मिळतं ते उपचाराच्या नोंदीचं हिरवं पुस्तक बरोबर ठेवायचं, दुसऱ्या गावात औषध संपलं तर त्याच्यावर काम होतं. माझं रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये असतं.

कायद्याचं एक अजून. भाड्याच्या घरातून एचआयव्ही म्हणून काढता येत नाही, नोकरीवरून काढता येत नाही, हे सगळं त्या कायद्यात आहे, बेनने वाचून दाखवलं. ऐकायला बरं वाटलं. पण आमचा करार ११ महिन्यांचा असतो, मालकीण कारण न सांगता म्हणू शकते की आमच्या भाच्याला खोली पाहिजे. म्हणून तिचं नाव अजून त्या रेघेच्या बाजूलाच आहे.

आईला मात्र मी सांगितलं. दीड वर्षाची टेस्ट झाल्यावर, शिरपूरला, गच्चीवर पापड वाळत घालताना. काम काही नव्हतं, बेनच्या हिशोबाने चूकच. तिने पहिलं विचारलं जावयाला आहे का. मी हो म्हटल्यावर पापड घालत राहिली, काही नाही बोलली, आणि मी बडोद्याला आल्यावर पंधरा दिवस फोन नाही. सोळाव्या दिवशी फोन केला आणि विचारलं ती गोळी उष्ण असते का, दुधासोबत घेतलेली चालते का. तेव्हापासून दर फोनला रात्री नऊ वाजता घेतली का विचारते, आणि बाबा जवळ असले की म्हणते, भात टाकला का.

व्हरांड्यातलं एक राहिलं. मुलगी सहा महिन्यांची असताना मी बाकड्यावर बसले होते, मास्क, वर ओढणी, खाली मान. तिथे सगळ्या खाली मान घालूनच बसतात. त्यामुळे चेहरे नाही दिसत, पाय दिसतात. आणि माझ्या शेजारी माझ्यासारखीच चप्पल. मंगळ बाजारातून आम्ही तिघींनी एकदम घेतली होती, भाव करून, मरून पट्ट्याची. त्या तिघींतल्या वहिनी तर असणार नाहीत, म्हणजे मागच्या गल्लीतली ती. तिने पण माझ्या पायाकडे बघितलं असणार, कारण तिने पाय बाकड्याखाली ओढून घेतला. दोघी एक तास शेजारी बसलो. कोणी मान वर केली नाही. त्या वर्षी हळदीकुंकवाला तिने मला कुंकू लावलं, मी तिला लावलं, वहिनी बाजूला बीटाचे फायदे सांगत होत्या.

आजपर्यंत आम्ही यावर एक शब्द बोललेलो नाही. पण तिची तारीख माझ्या एक दिवस आधी असते, आणि त्या दिवशी व्हरांड्यात गर्दी जास्त असली, किंवा स्टॉक नसला, तर अकराच्या सुमाराला माझ्या फोनवर तिचा एक मिस्ड कॉल येतो. गर्दी कमी असली तर येत नाही. मी उलटून फोन करत नाही. मागच्या महिन्यात आला नाही, मी सकाळी लवकर निघाले, पावणेअकराला गोळ्या घेऊन घरी.